शेऱ्याचा रकाना

आमच्या घरात बोलणं व्हायचं ते करवत थांबल्यावर. महाडात, बाजारपेठ संपून नदीकडे उतार लागतो तिथे बाबांची लाकडाची वखार होती आणि वखारीच्या मागच्या अंगाला, मध्ये एकच भिंत ठेवून, आमचं घर. सकाळी नऊला पट्ट्याची करवत सुरू झाली की स्वयंपाकघरातल्या फळीवरची ताटं बारीक थरथरायला लागायची. आईला त्याची इतकी सवय झाली होती की एक ओंडका संपून दुसरा चढेपर्यंत जेवढं सांगता येईल तेवढंच ती बोलायची. "गॅस संपलाय." घर्रर्र. "मामाचा फोन होता." घर्रर्र. "वाल सोलायला बस." बाबा तर घरातही अर्धी वाक्यं हातानेच करायचे. मला हे कधी जमलं नाही. काय सांगायचं आहे ते मनात नीट लावून होईपर्यंत पुढचा ओंडका चढलेला असायचा. मग मी म्हणायचे, जाऊ दे, नंतर सांगू. अशी नंतरवर टाकलेली किती वाक्यं त्या घरात राहिली, कुणास ठाऊक.

त्यात माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. तिथे मराठी बोललं की बाकावर उभं करायचे, आणि घरी इंग्रजीतला एखादा शब्द तोंडातून गेला की बाबा कौतुकानं मला वखारीत बोलावून घ्यायचे. "हिला काहीपण विचारा, फाडफाड बोलते," असं ते गिऱ्हाइकांना सांगायचे. गिऱ्हाईक हसून माझ्याकडे बघायचं, मी पायाखालच्या भुशाकडे. दोन्हीकडे बोलण्याची अशी भीती बसल्यावर माणूस बघायला शिकतो. मी बघायचे. मामानं दहावीनंतर जुनी दुर्बीण आणि पक्ष्यांचं एक इंग्रजी पुस्तक दिलं, तेव्हापासून गच्चीवरून नदीकाठचे पक्षी बघायचे. बाबा गमतीनं म्हणायचे, "आमची केतकी चिमण्यांची हजेरी घेते." ते वाईट अर्थानं म्हणत नव्हते हे मला आता कळतं. तेव्हा मी दुर्बीण उशीच्या अभ्र्यात ठेवायला लागले होते.

बाबांची ख्याती होती ती त्यांच्या कानासाठी. उभं झाड आतून भरीव आहे की पोकळ, हे ते ठोकून सांगायचे. लहान कुऱ्हाडीचा तुंबा, म्हणजे पात्याची मागची बोथट बाजू, ते आधी बुंध्याशी मारायचे, मग छातीच्या उंचीवर, मग हात पोचेल तिथे. तीन ठोके. प्रत्येक ठोक्यानंतर डोळे मिटून कपाळ जवळजवळ सालीला टेकवायचे. दारावर थाप मारून आतून कोण उत्तर देतं ते ऐकावं तसं. मग म्हणायचे, "भरीव." बाळू मुकादम त्या झाडावर रंगानं नंबर घालायचा. किंवा म्हणायचे, "पोकळ. सोड." पोकळ झाडाची फळी निघत नाही, ते पाडायचे कष्ट फुकट. लहानपणी मी बाबांबरोबर जीपमधून जायचे तेव्हा हे शेकडो वेळा ऐकलं होतं. पोकळ म्हटलं की झाड वाचलं, हे माझ्या मनात इतकं घट्ट बसलं होतं की त्याला दुसरी बाजू असेल असं कधी वाटलंच नाही.

माझी बारावी झाली त्या वर्षी शिमग्याच्या आधी पोलादपूरच्या वरच्या डोंगराला वणवा लागला. पुढच्या साली गवत चांगलं यावं म्हणून कुणीतरी माळ पेटवला आणि वारा फिरला. कुणी पेटवला हे विचारलं की प्रत्येक वाडी दुसऱ्या वाडीचं नाव सांगायची. वरच्या वाडीतल्या हौसामावशींची गवताची उडवी गेली, गोठ्याचं छप्पर गेलं आणि त्यांच्या मालकीच्या उतारावरची सगळी झाडं काळी झाली. त्यांचा मुलगा नालासोपाऱ्याला असायचा. त्यानं फोनवरच बाबांशी बोलून झाडांचा व्यवहार ठरवला. जळालेली झाडं मेलेली धरली जातात, त्यामुळे परवानगीही लवकर मिळणार होती. बाबांना घाई होती ती वेगळ्याच कारणानं. "जळलेल्या सालीत किडा शिरतो," ते आईला सांगत होते. "दोन महिने गेले तर लाकडाची चाळण होते."

वखारीतले कारकून डोळ्याच्या ऑपरेशनला गेले होते. बाबा म्हणाले, "केतकी येईल लिहायला. तिचं अक्षर छान आहे. तिला तरी कुठे आता अभ्यास आहे?" मी दुर्बीण दप्तरात घातली.

पोलादपूर सोडून घाटाच्या रस्त्याला लागलं की थोड्या वेळानं एक कच्चा रस्ता वर जातो. वाडीत तेव्हाच निम्म्या घरांना कुलपं होती. माणसं शिमग्याला येऊन मुंबईला परत गेली होती. बाबा वाडीत बसून मोजणीचं, रस्त्याचं, टेम्पो कुठवर येईल त्याचं बोलत राहायचे आणि मी उतारावर जायचे. जळलेल्या रानाचा वास मला अजून आठवतो. चुलीतल्या राखेसारखा नाही, ओल्या राखेत लोखंड बुडवल्यासारखा. पाऊल टाकलं की काळी भुकटी पोटरीपर्यंत उडायची. आणि मला वाटलं होतं तिथे सामसूम असेल, तर तसं नव्हतं. सगळ्या उतारावर टकटक चालली होती. एकीकडे थांबली की दुसरीकडे सुरू.

तिसऱ्या किंवा चौथ्या खेपेला, वरच्या अंगाला एका ऐनाच्या झाडाखाली मी दुर्बीण लावून उभी होते. ऐनाची साल सुसरीच्या पाठीसारखी जाड असते. खालून तो काळा पडला होता, शेंडा आधीपासूनच वाळलेला, आणि दोन पुरुष उंचीच्याही वर त्याला मुठीएवढं गोल, ताजं भोक होतं. खाली राखेवर पांढुरक्या ढलप्या पडल्या होत्या.

"काय बघतेस गो एवढं?" मागून आवाज आला. हौसामावशी होत्या. कमरेला कोयता, डोक्यावर सुक्या काटक्यांचा भारा.

"वुडपेकर," मी म्हणाले, आणि लगेच लाजले. मराठी शब्द ठाऊक होता, पण जिभेवर आला नाही.

"सुतार तो. त्याला दुर्बीन कशाला पायजे? थांब." त्यांनी भारा उतरवला, कोयत्याची पाठ बुंध्यावर दोनदा मारली. ठक, ठक. वरच्या भोकातून एक डोकं बाहेर आलं. लालभडक तुरा, लांब चोच, आणि एक डोळा आमच्यावर रोखलेला. कोण आहे, काय काम आहे, असा. मी हसले. खूप दिवसांनी मोठ्यानं हसले असेन.

"माझा पोरगा बी मुंबैला असाच," मावशी म्हणाल्या. "दार वाजवलं की आदी खिडकीतनं बघतो, आईच हाय ना."

"वणव्यात हे पळून नाही गेले?"

"पळतील कशाला? उलटे आले. जळल्या सालीत किडा धरतो, त्याच्या मागं हे येतात. पयले हितं एक-दोन जोड्या हुत्या. आता मोज." त्यांनी उताराकडे हात केला. त्या डोंगरावर एकाच किड्यासाठी दोघांची घाई चालली होती, सुतारांची आणि आमची. हे वाक्य मला आज सुचतंय. तेव्हा मी नुसती दुर्बीण फिरवून मोजायला लागले.

त्या दिवशी मावशींनी मला घरी नेऊन नाचणीची भाकरी आणि जवळ्याची चटणी दिली. छप्पर नसलेल्या गोठ्यात म्हैस उन्हात उभी होती आणि मावशी जेवता जेवता मध्येच उठून तिच्या पाठीवर पाण्याचा तांब्या ओतून येत होत्या. "पावसाच्या आदी वर काय तरी घालाय पायजे," एवढंच त्या म्हणाल्या. झाडं तुटू नयेत असं त्यांना वाटत नव्हतं. त्यांना छप्पर हवं होतं. हे सांगायला हवं, कारण मी पुढे ही गोष्ट शहरात ज्यांना सांगितली त्यांनी मावशींना लगेच झाडं वाचवणारी बाई करून टाकलं.

यादीचा दिवस चैत्रातला. बाबा ठोकायचे, सांगायचे, बाळू मुकादम नंबर घालायचा, मी लिहायचे. नंबर, जात, घेर, शेरा, असे चार रकाने. शेऱ्यात भरीव किंवा पोकळ. मी इंग्रजी आकडे लिहीत होते. बाळूनं वाकून वहीत बघितलं. "ताई, अडतीस म्हंजे थर्टी एट बरं का," तो म्हणाला. बाबा हसले. नंबर घालायला बाळूबरोबर आलेली दोन माणसंही हसली. मी पण हसले, कारण न हसून चाललं नसतं. पण त्यानंतर प्रत्येक आकडा बाबांनी उच्चारला की मी तो मनात इंग्रजीत करून मगच लिहायचे, आणि माझा कान त्यातच अडकायचा.

दुपारी बाबांचा गुडघा धरला. उताराचा वरचा टप्पा राहिला होता, वीसेक झाडांचा. बाबा एका दगडावर बसले. "वरची तू लिहून आण," ते म्हणाले. "बाळू आधीच वर जाऊन नंबर घालून येईल. जात आणि घेर लिही. हौसाबाई फीत धरतील. शेऱ्याचा रकाना रिकामा ठेव. तोडायच्या दिवशी मी स्वतः ठोकून बघेन."

वरच्या टप्प्यात तो ऐन होता. बाळूनं त्याच्यावर नंबर घातला होता, ७९. मावशींनी छातीच्या उंचीवर फीत गुंडाळली, मी घेर लिहिला. वर भोकातून बारीक किरकिर ऐकू येत होती, चाळणीत खडे हलवावेत तशी. मादी चोचीत काहीतरी घेऊन आली, आम्हाला बघून बाजूच्या झाडाला चिकटली.

"पोरं हायत आत," मावशी फीत सोडवत म्हणाल्या. मग जरा आवाज उतरवून म्हणाल्या, "तेवढा ऐन राहू दे म्हनून सांग तुझ्या बापाला. तो जळला नाय, नुसता भाजलाय. पावसात फुटल."

"तुम्हीच सांगा ना, मावशी."

"मी सांगून कसं चालल? पोरानं फोनवर शब्द दिलाय. म्हनल, आई मधी पाय घालते. तू लेक हायस. एका झाडाचं काय, तुझं ऐकतील."

मी मान हलवली. खाली उतरताना वाक्य जुळवत होते. बाबा, तो एकोणसत्तर नंबरचा ऐन सोडाल का? की एकोणऐंशी? सेव्हंटी नाइन म्हणजे नक्की कुठला? आजही मला तो आकडा उच्चारायच्या आधी क्षणभर थांबावं लागतं. खाली बाबा पाणी पीत होते, बाळू त्यांना कसलीशी गंमत सांगत होता, माणसं हसत होती. मी चुकीचा आकडा बोलणार, बाळू तो दुरुस्त करणार, मग बाबा म्हणणार, चिमण्यांची हजेरी झाली का? तिथे करवत चालू नव्हती. तरी मला ते वाक्य बोलता आलं नाही.

मी एका बुंध्याला टेकले, वही उघडली आणि ७९ च्या पुढे, रिकामा ठेवायला सांगितलेल्या रकान्यात, कारकुनांसारख्या तिरप्या अक्षरात लिहिलं: पोकळ. पोकळ म्हणजे सोड. कुणाशी बोलावं लागलं नाही, कुणी हसलं नाही, झाड वाचलं. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. संध्याकाळी बाळू वहीतल्या यादीची झेरॉक्स घेऊन गेला तेव्हाही मी शांतपणे बिरड्यासाठी वाल सोलत होते.

तोडणीच्या दिवशी बाळू माणसं आणि कटर घेऊन उजाडायच्या आत वर गेला. आम्ही मागून निघालो. आईनं कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची, भाजी आणि तांदळाच्या भाकऱ्या केल्या होत्या, मी दोन भाकऱ्या सावकाश खाल्ल्या. "आज जेवण जातंय हिला," आई बाबांना म्हणाली. मला ती सकाळ आठवते ती अशी, भाकरीच्या वाफेची आणि माझ्या निश्चिंतपणाची.

आम्ही पोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते. कच्च्या रस्त्यावरूनच कटरचा आवाज येत होता. बाळू खाली आला, कपाळावरचा घाम पुसत. "शेठ, पोकळ लिवलेली सगळी आदी घेतली. सात हुती. बाकी तुमच्यासाठी ठेवलीत."

"बरं केलंस," बाबा म्हणाले.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "पोकळ का?" मी विचारलं. त्या दिवसातलं माझं पहिलं वाक्य.

"ताई, हिरव्या रानात पोकळ सोडतात. जळक्या रानात आदी पाडतात." बाळू या वेळी चेष्टा करत नव्हता. "मुळं आतनं जळलेली असतात. शेजारचं झाड पडलं की हादऱ्यानं हे अंगावर येतं, कुठनं येतं ते पन कळत नाय. मागल्या साली माझा मेव्हणा असाच गेला. पोकळ उभं ठेवून मी मानसाला कामाला लावत नाय." मग तो बाबांकडे वळला आणि त्याचा चेहरा पुन्हा मिस्कील झाला. "पन शेठ, एक गंमत. वरचा एकोणऐंशी बघा चला. यादीत पोकळ, आन कापला तर हाडासारखा भरीव. माझ्यामागं कवा ठोकलात ठाव नाय, पन पयल्यांदा कान चुकला तुमचा!"

ऐन उताराला आडवा पडला होता. कापलेला बुंधा लालसर, ओला, मधोमध घट्ट. बाबा खाली बसले. त्यांनी तळहात त्या कापावर ठेवला. मग खिशातून यादी काढली, चष्मा लावला आणि ७९ ची ओळ बघितली. ती बघून होईपर्यंत बराच वेळ गेला. वर अठ्ठ्याहत्तरचा आणि खाली ऐंशीचा रकाना रिकामा होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"चुकला असेल," ते म्हणाले. "ऊन फार होतं त्या दिवशी."

माणसं हसली. तीस वर्षांत बाबांच्या कानाला कुणी हसलं नव्हतं.

शेंड्याकडे हौसामावशी बसल्या होत्या. भोक होतं तिथे खोड दगडावर आपटून उभं चिरलं होतं. मावशींच्या पदरात तीन पिल्लं होती. दोन मेलेली. एक जिवंत, अंगावर पिसांच्या नुसत्या काड्या, डोळे अजून मिटलेले. माझी सावली त्याच्यावर पडली तशी त्यानं चोच उघडली. त्याला वाटलं खायला आलं.

"सांगितलं नव्हतंस व्हय गो?" मावशींनी विचारलं.

मी पिल्लावरून सावली बाजूला घेतली. मागून बाबा म्हणाले, "सांगितलं होतं तिनं. माझ्याच लक्षात राहिलं नाही."

मावशींनी मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. "लक्षात राह्यलं नाय," त्या म्हणाल्या. "कान येवढा तेज, आन..." बाबा तिथेच उभे राहिले, शाळेत बाकावर उभं केलेल्या मुलासारखे. मी तेव्हाच म्हणायला हवं होतं, मावशी, मी सांगितलं नाही. एवढे चार शब्द. बाळू, ती माणसं, मावशी, सगळी तिथे होती आणि कटर बंद होता.

तेवढ्यात मादी आली. सरळ उडत आली, जिथे भोक होतं त्या उंचीवर, आणि तिथे काहीच नाही म्हटल्यावर हवेतच गिरकी घेऊन शेजारच्या ऐंशी नंबरला चिकटली. चोचीत काहीतरी पांढरं होतं. पुन्हा उडाली, पुन्हा त्याच जागी येऊन वळली. तिला जागा अचूक ठाऊक होती. चार वेळा तरी ती आली असेल. मग चोचीतलं तसंच घेऊन ती दरीकडे गेली. पदरातलं पिल्लू दुपारपर्यंत टिकलं.

बाबांनी कुऱ्हाड मागितली. "सगळी थांबा," ते बाळूला म्हणाले. वरच्या टप्प्यातली राहिलेली झाडं त्यांनी एक एक करून ठोकली, आणि मग खालचीही, जी आधी ठोकून झाली होती ती सगळी, दुखऱ्या गुडघ्यानं. पण आता ते कपाळ सालीला टेकवत नव्हते. ठोकायचे आणि दोन पावलं मागं सरून मान वर करून थांबायचे. माणसं एकमेकांकडे बघत होती. शेवटी टोकाच्या एका सावरीवर त्यांनी ठोकलं आणि वरून लाल तुरा बाहेर आला.

"सोड," बाबा म्हणाले.

"शेठ, भरीव असल ती," बाळू म्हणाला.

"सोड म्हटलं ना."

परत येताना जीपमध्ये आम्ही दोघंच होतो. पोलादपूर मागं पडलं, महामार्ग लागला. मग बाबांनी विचारलं, "पोकळ का लिहिलंस?"

मी सांगितलं. तुटक तुटक, पण सगळं सांगितलं. आकड्याचंसुद्धा.

"रकाना रिकामा ठेवला असतास," बाबा म्हणाले, "तर मी ठोकलं असतं. सुतारानं तोंड बाहेर काढलं असतं."

"हो."

"किंवा मला सांगायचं होतंस."

"तुम्ही हसला असता."

पुढे एक ट्रक होता. बाबांनी तो गेला तरी वेग वाढवला नाही. "हसलो असतो," ते म्हणाले. "आणि झाड ठेवलं असतं." त्यानंतर मात्र त्यांनी मला गिऱ्हाइकांसमोर कधी बोलावलं नाही, आणि मला त्याचं बरं वाटण्याऐवजी वाईट वाटायचं.

वखार आता नाही. त्या जागी गाळे झालेत, त्यातल्या एकात मोबाइल दुरुस्त करतात. मी बऱ्यापैकी बोलायला शिकले आहे, कामातच ते येतं. हौसामावशींना मी नंतर एकदा खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "ठाऊक हाय मला. बाप तेव्हाच कळला." त्यांनी म्हटल्याप्रमाणे त्या ऐनाच्या बुडख्याला पावसात फुटवे आले. झाड मेलंच नव्हतं. आज ते फुटवे मनगटाएवढे झालेत. सुताराला घर करायला त्यात जागा होईपर्यंत मी म्हातारी झालेली असेन.

पण मला सांगायचं आहे ते त्याच वर्षी, पाऊस यायच्या आधीचं. मावशींच्या गोठ्याच्या छपरासाठी बाबांनी वासे आणि रिपा काढून ठेवल्या होत्या. त्या घेऊन आम्ही वर गेलो. टेम्पो रिकामा करून बाबा उताराकडे चालायला लागले, मी मागून. तो उतार मी ओळखला नाही. नुसते बुडखे, चाकांच्या चाकोऱ्या, आणि टोकाला एकटी सावर. तिची बोंडं फुटून कापूस उडत होता आणि काळ्या मातीवर तुटक पांढरे पुंजके पडले होते. टकटक कुठेच नव्हती. साली नाहीत, किडा नाही; सुतारांनी तरी तिथे काय करायचं होतं?

मावशीही मागून आल्या. "उडाली असतील," त्या म्हणाल्या.

"उडताना बघितलीत?" बाबांनी विचारलं.

"नाय."

बाबांनी वाकून एक धोंडा उचलला आणि सावरीच्या काट्यांमधली जागा बघून दोनदा ठोकलं. मग दोन पावलं मागं आले. आम्ही तिघंही माना वर करून उभे राहिलो. भोक काळं, गोल, तसंच होतं. बाबांनी पुन्हा ठोकलं. कापसाचा एक पुंजका हळूहळू खाली आला आणि त्यांच्या खांद्यावर बसला.

"बाबा, चला," मी म्हणाले.

"थांब," ते म्हणाले. "एकदा अजून." आणि त्यांनी धोंडा उचलला.